खाडीकाठच्या औद्योगिक धक्क्याचा विस्तार : परवानग्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात

रायगड जिल्ह्यातील अंबा नदी पाली-नागोठण्यावरून खाली उतरून धरमतर खाडीला मिळते, आणि शेवटच्या टप्प्यात ती नदी कमी व खाडी अधिक असते. दोन्ही काठांवर कांदळवन आहे. त्यामागे खारबंदिस्तीचे, म्हणजे खारे पाणी अडवणारे, मातीचे बांध आहेत आणि बांधांच्या आत खारेपाटातील भातशेती व जिताडा या माशाची तळी आहेत. याच काठावर डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी खनिज आणि कोळसा उतरवणारे धक्के आहेत. समुद्रात नांगरलेल्या मोठ्या जहाजांतील माल बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींत, भरून भरतीच्या पाण्यावर आत आणायचा, अशी ही वाहतूक चालते. अशा काठावर असलेला धक्का वाढवायचा असेल, तर कोणत्या परवानग्या, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तयारीने मागाव्यात, याचे विवेचन पुढे केले आहे. उदाहरण अंबेचे घेतले असले, तरी महाराष्ट्रातील कोणत्याही खाडीला ही चौकट बऱ्याच अंशी लागू पडते. गोव्यात कायदे केंद्राचेच असले, तरी प्राधिकरणे वेगळी आहेत.

प्रकल्प अधिकाऱ्यांची नेहमीची पद्धत अशी, की आधी अभियंत्याकडून आराखडा काढून घ्यायचा आणि मग तो सल्लागाराच्या हाती देऊन ‘आता मंजुरी आणा’ असे सांगायचे. खाडीकाठी ही पद्धत महागात पडते. सर्वांत शेवटी दारात येणारी परवानगी, म्हणजे कांदळवनासंबंधी उच्च न्यायालयाची परवानगी, हीच आराखड्याचा आकार ठरवते. त्यामुळे तिचा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

पहिली पायरी : विस्तार नेमका कशाचा, हे आकड्यांत मांडणे

‘धक्क्याची लांबी वाढवणे’ एवढ्या वर्णनावर कोणताही अर्ज उभा राहत नाही. सध्या वर्षाला किती टन माल हाताळला जातो, आधीच्या मंजुरीत किती क्षमता लिहिली आहे, विस्तारानंतर ती किती होणार, किती बार्ज वाढणार आणि त्यांचे खोलाण, म्हणजे पाण्याखाली राहणारा भाग, किती, हे सर्व एका पानावर लिहून काढावे. पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेत बंदरे, धक्के आणि गाळउपसा हे ७(ई) या नोंदीखाली येतात. वर्षाला ५० लाख टन किंवा त्याहून अधिक मालाची क्षमता असलेला प्रकल्प ‘अ’ वर्गात जातो आणि त्याचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालय घेते. त्याहून लहान प्रकल्प ‘ब’ वर्गात, म्हणजे राज्याच्या प्राधिकरणाकडे राहतो. मात्र वन्यजीव कायद्याखालील संरक्षित क्षेत्र, अतिप्रदूषित क्षेत्र, अधिसूचित पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र किंवा राज्याची सीमा ५ किलोमीटरच्या आत असेल, तर ‘ब’ वर्गातील प्रकल्पाचाही विचार केंद्राकडेच होतो.

वर्ग ठरवताना जुनी आणि नवी क्षमता मिळून होणारी बेरीज पाहिली जाते. विस्ताराचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेच्या खाली दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे हा डाव टिकत नाही. टिकलाच, तर पुढे पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात तोच मुद्दा पहिला निघतो.

गाळउपशाचा निर्णयही याच टप्प्यावर घ्यावा. नदीचे पात्र नव्याने खोल करणे पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत येते. पुढे दरवर्षी साचणारा गाळ काढण्यास सूट आहे, पण तो उपसा मूळ प्रस्तावात आणि त्याच्या पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात धरलेला असेल तरच. अंबेसारख्या गाळाने भरलेल्या खाडीत हे वाक्य विसरणे म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा सगळी वाट चालणे होय.

दुसरी पायरी : काठाचा नकाशा

सागरी किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा, संबंध फक्त समुद्रकिनाऱ्याशी आहे असा समज अजूनही आढळतो. भरतीचा परिणाम जिथवर पोहोचतो, तिथवर नदीचे पात्र आणि काठ या नियमांखाली येतात. ही हद्द क्षारतेवरून ठरते. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यातील क्षार हजार भागांत ५ इतके जिथे भरतात, तिथवर सीआरझेड मानले जाते. काठावरील पट्टा २०११च्या अधिसूचनेनुसार भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा, यांपैकी जो कमी तो होता. २०१९च्या अधिसूचनेने तो ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा, जो कमी तो, असा केला. पण नवी अधिसूचना एखाद्या जिल्ह्यात लागू होते ती तेथील किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा तिच्यानुसार मंजूर झाल्यावरच. म्हणून आपला काठ अर्जाच्या दिवशी कोणत्या आराखड्याखाली आहे, याची खात्री महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून लेखी करून घ्यावी.

भरती आणि ओहोटीच्या रेषा आखण्याचे काम मंत्रालयाने प्राधिकृत केलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावे लागते. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील दूरसंवेदन संस्था आणि तेथीलच राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र ही त्यांतील परिचित नावे. नकाशा १:४००० प्रमाणाचा असतो आणि त्यावर प्रकल्पाचा संपूर्ण आराखडा चढवलेला असावा लागतो. त्यात धक्का, कन्व्हेयर (माल वाहून नेणारा फिरता पट्टा), साठवणीचे अंगण, रस्ता आणि सांडपाण्याची वाट हे सर्व आले. कन्व्हेयरचा एखादा खांब नकाशात दाखवायचा राहिला, तरी अर्ज परत येतो.

नकाशा हाती आल्यावर तो घेऊन उधाणाच्या ओहोटीला काठावर प्रत्यक्ष चालावे. मुंबई बंदराच्या परिसरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक साडेतीन मीटरहून अधिक असतो. त्यामुळे भरतीला जिथे नुसते पाणी दिसते, तिथे ओहोटीला रुंद चिखलठाण उघडे पडते. त्यावर निवट्या हे चिखलातले लहान मासे उड्या मारताना दिसतात, खेकड्यांची बिळे दिसतात आणि डोल जाळ्यांसाठी, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यांसाठी, रोवलेले खुंटही दिसतात. उपग्रहाच्या चित्रात हे खुंट दिसत नाहीत. मात्र जनसुनावणीत पहिला प्रश्न त्यांच्याविषयीच येतो. प्रत्येक खुंटाची जागा जीपीएसवर नोंदवावी आणि तो कोणत्या गावाचा, हे मच्छीमार सहकारी संस्थेकडून समजून घ्यावे.

तिसरी पायरी : कांदळवन आणि उच्च न्यायालय

या पायरीवर थोडे अधिक थांबणे गरजेचे आहे.

कांदळवन सीआरझेड-१अ या सर्वांत कडक वर्गात येते. कांदळवनाचे क्षेत्र १,००० चौरस मीटरहून मोठे असेल, तर त्याभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा सोडावा लागतो. या पट्ट्यातही २०१९च्या अधिसूचनेने सार्वजनिक सुविधांसाठी लागणाऱ्या पाइपलाइन, पारेषण वाहिन्या, वहनयंत्रणा आणि खांबांवरचे रस्ते अशाच कामांना वाट ठेवली आहे. धक्का पाण्यालगतच असावा लागतो, हे नियम मान्य करतात आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात त्याला परवानगी मिळू शकते. कोळशाचे अंगण पाण्यालगत असण्याचे मात्र काहीच कारण नसते.

याच्या वर मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८चा निकाल आहे. २००५च्या अंतरिम आदेशापासून चालत आलेल्या या प्रकरणात न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१चा भंग ठरवला. जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन आणि त्याभोवतीचे ५० मीटर यांत बांधकाम व भराव यांना त्याने मनाई केली. सार्वजनिक हितासाठी काम अपरिहार्य असल्याचे न्यायालयाला पटले, तरच परवानगी मिळते. खासगी उद्योगाच्या धक्क्याला ही कसोटी जड जाते. रोजगार आणि महसूल यांचे आकडे देऊन उद्योगाचे हित सिद्ध होते. सार्वजनिक हित त्याहून वेगळे असते आणि ते वेगळेच सिद्ध करावे लागते.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसारख्या सरकारी प्रकल्पालाही या न्यायालयात जावे लागले. डिसेंबर २०२२मध्ये परवानगी मिळेपर्यंत तोडायच्या झाडांची संख्या सुमारे पन्नास हजारांवरून वीस-बावीस हजारांवर आणली गेली होती. न्यायालयापुढे जाताना आधी काय टाळले, हे दाखवावे लागते, एवढे या उदाहरणावरून समजून घ्यावे.

म्हणून पर्यायांचा विचार आराखड्याच्या आधी आणि प्रामाणिकपणे करावा. सध्याच्या धक्क्यावर जलद क्रेन बसवून आणि बार्ज रिकामा होण्याचा वेळ कमी करून किती क्षमता वाढते? लांबी वाढवायचीच असेल, तर नदीच्या ज्या वळणावर कांदळवन विरळ आहे त्या बाजूला वाढवता येईल का? भराव टाळून खांबांवर धक्का उभारला, तर खालून पाणी आणि गाळ वाहता राहील का? साठवणीचे अंगण बांधाच्या आत कारखान्याच्या जमिनीवर नेऊन मधले अंतर बंदिस्त कन्व्हेयरने कापता येईल का? अनेक ठिकाणी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच निम्मा विस्तार भागतो, असा माझा अनुभव आहे. तसे असेल, तर उरलेल्या निम्म्यासाठी न्यायालयाची पायरी चढायची की नाही, हे व्यवस्थापनाने थंड डोक्याने ठरवावे. भरपाईच्या लागवडीचा अध्याय त्यानंतरचा आहे. २०१९च्या अधिसूचनेत बाधित कांदळवनाच्या किमान तिप्पट क्षेत्रावर लागवडीची अट आहे. पण लागवडीचे आश्वासन पुढे करून तोड मागणारा प्रस्ताव वाचणाऱ्याच्या मनात संशय निर्माण करतो.

सरकारी जमिनीवरील बरेचसे कांदळवन वन म्हणून अधिसूचित आहे. तशी जमीन लागत असेल, तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखालील मंजुरीही स्वतंत्रपणे घ्यावी लागते. त्यासाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी संपर्क ठेवावा आणि सातबारा, गावनकाशा व वन अधिसूचना एकमेकांशी ताडून पाहाव्यात. खारेपाटात या तिन्हींतील सीमा जुळतीलच असे नाही.

चौथी पायरी : कार्यकक्षा आणि पायाभूत अभ्यास

मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर अर्ज केल्यानंतर तज्ज्ञ मूल्यांकन समिती अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून देते. बंदर क्षेत्रासाठी नाबेट या सल्लागारांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेला सल्लागार नेमणे बंधनकारक आहे. अभ्यासाची आकडेवारी अर्जाच्या वेळी ३ वर्षांहून जुनी चालत नाही.

कार्यकक्षेत सहसा पावसाळा सोडून एका हंगामाचा अभ्यास मागितला जातो. खाडीसाठी तो अपुरा असतो, असे माझे मत आहे. पावसाळ्यात अंबा गोडे पाणी आणि गाळ घेऊन येते, उन्हाळ्यात खारे पाणी वर चढते, आणि मासळीचे जीवनचक्र या बदलावर चालते. पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे, असे दोन्ही नमुने स्वतःहून घ्यावेत. खर्च थोडा वाढतो, पण समितीने मध्येच आणखी एक हंगाम मागितल्यास वाया जाणारे वर्ष वाचते.

नदीचे प्रवाह, गाळाचे साचणे आणि पुराची पातळी यांचे गणिती प्रतिमान करून घ्यावे. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे काम करते आणि त्याच्या अहवालाला समितीपुढे वजन असते. प्रतिमान मागवताना तीन प्रश्न लेखी द्यावेत : नव्या धक्क्यामुळे समोरच्या काठावर प्रवाह किती वाढतो, उधाण आणि अतिवृष्टी एकत्र आली तर पाणी किती चढते, आणि वाढलेल्या बार्जच्या लाटांचा खारबंदिस्तीवर किती मारा होतो. तिसरा प्रश्न अहवालांतून हमखास गळतो. मातीच्या बांधाला एकदा खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन पुन्हा भाताला येण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणून आपल्या धक्क्याच्या वर-खाली काही किलोमीटरपर्यंतच्या बांधांची आजची स्थिती खारभूमी विभाग आणि ग्रामपंचायत यांच्या उपस्थितीत छायाचित्रांसह नोंदवून ठेवावी. नंतर फुटलेल्या बांधाचे खापर कोणावर फोडायचे, हा वाद झाल्यास ही नोंद दोन्ही पक्षांच्या उपयोगाची ठरते.

उपसलेला गाळ कुठे टाकणार, हे ठिकाणासह लिहावे. ‘योग्य ठिकाणी विल्हेवाट लावण्यात येईल’ हे वाक्य अहवालात असूच नये. गाळात जड धातू आहेत का, याची तपासणीही आधीच करावी. औद्योगिक पट्ट्यातील खाडीत ती टाळता येत नाही.

जैवविविधतेच्या भागात झाडे आणि पक्षी यांच्या याद्या देऊन थांबू नये. जिताडा, बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या आणि कालवे कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, कोणत्या जाळ्यात सापडतात, हे कोळी आणि आगरी मच्छीमारांकडून समजून घेऊन लिहावे. खाडीत हाताने चिंबोऱ्या आणि शिवल्या काढणाऱ्या स्त्रियांचे नाव बोटींच्या नोंदवहीत नसते. त्यामुळे भरपाईच्या यादीतून त्या सहज निसटतात.

पाचवी पायरी : जनसुनावणी

अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जनसुनावणीसाठी अर्ज करावा. मंडळ किमान ३० दिवसांची सूचना एका राष्ट्रीय आणि एका मराठी दैनिकात प्रसिद्ध करते. सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांहून कमी दर्जाचे नसलेले त्यांचे प्रतिनिधी असतात. गणसंख्येची अट नाही. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त त्याच ठिकाणी लोकांना मराठीत वाचून दाखवावे लागते. अर्ज दिल्यापासून ४५ दिवसांत ही प्रक्रिया पूर्ण होणे अपेक्षित आहे.

मराठी सारांश हा या टप्प्यावरील सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. बहुतेक वेळा तो यंत्राने किंवा घाईने उतरवलेला असतो आणि गावात कोणालाही कळत नाही. तो मुळातच मराठीत लिहवून घ्यावा. किती बार्ज, दिवसातून किती वेळा, खाडीच्या कोणत्या भागातून जाणार, जाळी टाकण्यास कोणती जागा मोकळी राहणार, कोळशाची धूळ अडवण्यासाठी काय करणार, हे गावांच्या आणि पाणवठ्यांच्या नावांनिशी त्यात असावे. सुनावणीच्या आधी गावोगाव बसून तो वाचून दाखवावा. तारीख ठरवताना पंचांग पाहावे. उधाणाच्या दिवसांत किंवा भाताच्या लावणीत सुनावणी ठेवली, तर लोक येत नाहीत आणि ‘आम्हाला बोलूच दिले नाही’ ही तक्रार पुढे न्यायालयापर्यंत जाते.

सुनावणीत उपस्थित झालेल्या प्रत्येक मुद्द्याचे उत्तर अंतिम अहवालात खर्च आणि मुदत यांसह द्यावे लागते. भरपाईचा मुद्दा इथेच निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. शेजारच्या उरणचा अनुभव सर्वांना ठाऊक आहे. जेएनपीटीच्या, म्हणजे तेथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या, विस्तारात कांदळवन तुटले आणि भरतीच्या पाण्याच्या वाटा अडल्या, म्हणून पारंपरिक मच्छीमार हरित न्यायाधिकरणात गेले, आणि २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरलेली रक्कम या सगळ्यापेक्षा स्वस्त पडते, हे वित्त विभागाला सांगण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

सहावी पायरी : दोन समित्यांपुढे

सीआरझेडचा प्रस्ताव राज्याच्या किनारा प्राधिकरणाकडे जातो. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत त्याने शिफारस करावी, अशी तरतूद आहे. ‘परिपूर्ण’ या शब्दात बहुतेकांचे महिने जातात. सोबत प्रदूषण मंडळाचे ना हरकत पत्र, प्राधिकृत नकाशे, सागरी आणि जमिनीवरील परिणामांचा अहवाल, धोका मूल्यांकन आणि आपत्ती व्यवस्थापन आराखडा लागतो. ‘अ’ वर्गातील प्रकल्पात ही शिफारस घेऊन अंतिम अहवाल केंद्राच्या समितीकडे जातो आणि पर्यावरण व सीआरझेड या दोन्ही मंजुऱ्यांचा विचार एकत्र होतो. समितीला मूल्यांकनासाठी ६० दिवस आणि मंत्रालयाला निर्णयासाठी ४५ दिवस, अशी मुदत आहे.

समितीपुढे सादरीकरण थोडक्यात करावे. जुन्या मंजुरीच्या अटी पाळल्या आहेत का, हा विस्ताराच्या प्रकरणातील पहिला प्रश्न असतो. त्यासाठी मंत्रालयाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयाचा अनुपालन अहवाल आधीच मागवावा. जुन्या अटीप्रमाणे लावायचे कांदळवन लावलेच नसेल, तर नव्याचे बोलणे खुंटते.

याच काळात इतर अर्ज समांतर चालवता येतात. धक्का, पाण्यालगतची जागा आणि जलक्षेत्र यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची मान्यता लागते. अंबा नदी २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० झाली असल्याने भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचे ना हरकत पत्रही घ्यावे. पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर प्रदूषण मंडळाकडून १९७४च्या जल कायद्याखाली आणि १९८१च्या वायू कायद्याखाली, लागू असल्यास, स्थापनेची संमती, आणि काम पूर्ण झाल्यावर चालवण्याची संमती घ्यावी लागते. सीमाशुल्क, अग्निशमन आणि कारखाना निरीक्षकांचे कागद ठरलेले असतात. त्यांत अडचण सहसा येत नाही.

सातवी पायरी : मंजुरी हातात आल्यावर

मंजुरीपूर्वी जमीन ताब्यात घेऊन कुंपण घालण्यापलीकडे काहीही करू नये. भराव, खांबांची चाचणी किंवा तात्पुरता रस्ता यांनाही काम सुरू केल्याचेच मानले जाते. ठेकेदाराची यंत्रे आधी येऊन उभी राहतात आणि रिकामी कशाला ठेवायची म्हणून चालू होतात. ते थांबवण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे लेखी द्यावा.

मंजुरीची सूचना ७ दिवसांत दोन स्थानिक दैनिकांत प्रसिद्ध करावी आणि प्रत ग्रामपंचायतींना द्यावी. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करता येते आणि पुरेसे कारण असल्यास न्यायाधिकरण आणखी ६० दिवस देऊ शकते. मोठे ठेके देताना हे ९० दिवस हिशेबात धरावेत. कांदळवनाला हात लागणार असेल, तर सर्व मंजुऱ्या जोडून उच्च न्यायालयात अर्ज करावा आणि आदेश मिळेपर्यंत त्या भागात पाऊल टाकू नये. एकूण वेळापत्रकात किमान दोन पावसाळे धरावेत. त्याहून आखूड वेळापत्रक संचालक मंडळापुढे ठेवू नये.

त्यानंतर दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. त्याच्या सोबतीला काठावरील कांदळवनाच्या पट्ट्याची, डोल जाळ्यांच्या जागांची आणि बांधांची पाहणी पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यातील उधाणाच्या ओहोटीला, गावकऱ्यांना बरोबर घेऊन करावी. एखाद्या बांधाची माती लाटांनी खाल्लेली दिसली, तर ती जूनच्या पहिल्या उधाणाआधी भरून घ्यावी आणि त्या कामाची नोंद डिसेंबरच्या अहवालात करावी.